माउंट गॅम्बियरला जायचे असेल, तर मे महिन्यात नको

ठाण्यातील बहुतेक घरांचा परदेश प्रवास शाळेच्या सुट्टीवर ठरतो आणि म्हणून तो मे महिन्यात होतो. दक्षिण ऑस्ट्रेलियातील माउंट गॅम्बियर या गावासाठी मात्र हा महिना चुकीचा आहे. ज्या तलावामुळे हे गाव ओळखले जाते, तो ब्लू लेक वर्षातील जेमतेम चार महिने खरोखर निळा असतो. नोव्हेंबरच्या अखेरीस काही दिवसांतच त्याचा रंग पालटतो, डिसेंबर ते फेब्रुवारी तो गडद निळा राहतो आणि मार्चनंतर हळूहळू करडा होत जातो. आम्ही पहिल्यांदा गेलो, ते नेमके मेच्या दुसऱ्या आठवड्यात. कठड्याशी उभे राहून खाली पाहिले, तर पावसाळ्यातील ठाणे खाडीच्या रंगाचे पाणी दिसले, आणि सौभाग्यवतींनी अतिशय शांतपणे विचारले, की हेच पाहायचे होते तर कळव्याच्या पुलावर का उभे राहिलो नाही. दुसऱ्या वेळी आम्ही नाताळच्या सुट्टीत गेलो. मेलबर्न किंवा ॲडलेडला मुलाकडे अथवा मुलीकडे जाणाऱ्या ठाणे-नवी मुंबईकरांच्या उपयोगी पडावी, म्हणून ही माहिती त्या दोन्ही खेपांच्या आधारे लिहीत आहे.

माउंट गॅम्बियर हे मेलबर्न आणि ॲडलेड या दोन शहरांच्या जवळपास मध्यावर, दोन्हीकडून साधारण साडेचारशे किलोमीटरवर आहे. लोकसंख्येच्या दृष्टीने ते ॲडलेडखालोखाल राज्यातील दुसरे शहर असले, तरी ही लोकसंख्या पंचवीस-सत्तावीस हजारांच्या घरात आहे, म्हणजे घोडबंदर रस्त्यावरील काही मोठ्या गृहसंकुलांत ती सहज मावेल. तेथे प्रवासी रेल्वे जात नाही. ॲडलेडहून लहान विमाने आहेत, आणि मेलबर्नकडून वॉरनाम्बूलपर्यंत रेल्वेने व पुढे बसने जाता येते. तरीही स्वतःची किंवा भाड्याची मोटार असल्याशिवाय या सहलीचा निम्मा आनंद हाती लागणार नाही, कारण पाहण्यासारख्या निम्म्या जागा गावाच्या बाहेर शेतांमध्ये आणि समुद्राकडे विखुरलेल्या आहेत. आपली मंडळी बहुधा मेलबर्नहून ॲडलेडला जाताना येथे तासभर थांबतात, तलावाशी छायाचित्र काढतात आणि पुढे निघतात. तसे करण्यापेक्षा न थांबलेले बरे. किमान दोन रात्रींचा मुक्काम धरावा, आणि नाराकूर्टच्या गुहाही पाहायच्या असतील तर तीन रात्रींचा.

जाण्यापूर्वी एक गोष्ट समजून घेतली, तर पुढे जे जे दिसते त्याचा अर्थ लागत जातो. आपण ठाणेकरही ज्वालामुखीच्याच खडकावर राहतो. येऊरचा डोंगर आणि पारसिकची टेकडी ही सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भेगांमधून वाहत आलेल्या लाव्हाच्या थरांची बनलेली आहेत. माउंट गॅम्बियरची गोष्ट वेगळी आणि भूशास्त्राच्या हिशेबाने अगदी कालपरवाची, म्हणजे साधारण पाच हजार वर्षांपूर्वीची मानली जाते. तेथील जमीन चुनखडीची आहे. प्राचीन समुद्रातील जीवांच्या शिंपल्या-सांगाड्यांपासून ती बनली आणि स्पंजासारखी पाण्याने भिजलेली आहे. खालून वर येणारा तप्त शिलारस या पाण्याला भिडला, पाण्याची क्षणार्धात वाफ झाली आणि तिच्या स्फोटाने जमिनीत खोल विवरे पडली. त्या विवरांचे तळ भूजलाच्या पातळीपेक्षा खाली असल्यामुळे त्यांत पाणी वरून नव्हे, तर खालून भरले. ब्लू लेकला एकही नदी येऊन मिळत नाही. (आपल्या लोणारशी याची तुलना करण्याचा मोह अनेकांना होतो, पण लोणारचे विवर उल्कापाताने झालेले आहे, ज्वालामुखीने नव्हे.)

या भूमीचे मूळ रहिवासी बोआंडिक लोक. क्राइटबुल नावाच्या महाकाय पुरुषाची कथा त्यांच्यात सांगितली जाते. एका पक्षीरूपी आत्म्याने दुष्टात्म्याचा इशारा दिला, म्हणून भिऊन तो बायकामुलांसह एका डोंगरावरून दुसऱ्या डोंगरावर पळत राहिला, आणि अखेरीस माउंट गॅम्बियरवर येऊन त्याने जमिनीत चूल खणली. एके दिवशी चुलीच्या तळातून पाणी वर आले आणि विस्तव विझला. त्याने दुसरी चूल खणली, तिसरी खणली, चौथी खणली, पण प्रत्येक वेळी पाणी वर येतच राहिले. भूशास्त्राने अलीकडे मांडलेला क्रम, आधी अग्नी आणि मग खालून आलेले पाणी, या कथेत जसाच्या तसा आहे. युरोपीय लोकांपैकी लेफ्टनंट जेम्स ग्रँट याने डिसेंबर १८०० मध्ये ‘लेडी नेल्सन’ या जहाजावरून हा डोंगर प्रथम पाहिला आणि गॅम्बियर या नौदल अधिकाऱ्याचे नाव त्याला दिले. आता गावातील फलकांवर बोआंडिक नावेही लिहिलेली असतात. ब्लू लेकचे त्यांच्या भाषेतील नाव वारवार.

पहिला दिवस तलावालाच द्यावा. काठाने फिरणारी पायवाट सुमारे साडेतीन किलोमीटरची आहे. तलावपाळीला रोज संध्याकाळी फेऱ्या मारणाऱ्यांना ती मुळीच जड जाणार नाही, मात्र चढउतार आहेत आणि सावली सगळीकडे नाही. सकाळी लवकर जाण्याची आपली सवय येथे उपयोगाची नाही. सूर्य डोक्यावर आला, की निळा रंग सर्वांत खुलून दिसतो, म्हणून अकरा ते दोन ही वेळ योग्य. या रंगाचे कारणही पाण्यातील विरघळलेल्या चुन्यात आहे. उन्हाळ्यात वरचा थर तापला, की पाण्यातून कॅल्साइटचे अतिसूक्ष्म स्फटिक सुटू लागतात. ते खाली बसताना पाणी रंगवणारी सेंद्रिय द्रव्ये आपल्याबरोबर तळाशी नेतात, आणि स्वच्छ झालेल्या पाण्यातून निळा प्रकाश विखुरला जातो. हिवाळ्यात वरचे आणि खालचे पाणी एकमेकांत मिसळते आणि रंग पुन्हा मावळतो.

तलाव सत्तर मीटरहून अधिक खोल आहे आणि त्यात उतरण्यास, पोहण्यास किंवा होडी घालण्यास मनाई आहे, कारण संपूर्ण गाव हेच पाणी पिते. मासुंद्यात नौकाविहार करायचा आणि पिण्याचे पाणी भातसा-बारवीहून आणायचे, या व्यवस्थेची सवय असलेल्या आपल्याला हे क्षणभर चमत्कारिक वाटते. तलावाच्या काठावरून निघणारी मार्गदर्शित सहल याच पाणीपुरवठ्याची आहे. जुन्या विहिरीच्या कूपातून लिफ्टने खाली उतरवून, बोगद्यातून थेट पाण्याच्या पातळीजवळ नेतात आणि चुनखडीत पाणी कसे मुरते व झिरपते, ते तेथेच दाखवतात. पाऊण तासाची ही सहल मला तलावाच्या दर्शनापेक्षाही मोलाची वाटली, त्यामुळे वेळ कमी असेल तर काठावरची फेरी अर्धी करावी, पण ही सहल चुकवू नये. दिवसातील वेळा ऋतूप्रमाणे बदलतात, म्हणून आदल्या दिवशी विचारून ठेवावे. काठावर एक स्मारकस्तंभही दिसेल. ॲडम लिंडसे गॉर्डन या कवीने १८६४ मध्ये घोड्यासह कुंपणावरून तलावाच्या कड्यावरील अरुंद पट्टीवर उडी घेतली होती, तिची ती आठवण आहे. कड्यावरून खाली डोकावल्यावर त्या कवीच्या धैर्याबद्दल वाटायचा तो आदर वाटतो, पण घोड्याबद्दल अधिक वाटतो.

शेजारच्याच विवरांत व्हॅली लेक आहे. तेथे हिरवळ, मुलांची खेळणी आणि पाणपक्षी पाहण्यासाठी लाकडी पूलवाट आहे, आणि दुपारचा डबा खाण्यासाठी याहून चांगली जागा गावात नाही. जवळचे आणखी दोन तलाव, लेग ऑफ मटन आणि ब्राउन्स, नकाशावर आहेत, पण भूजलाची पातळी खाली गेल्यामुळे ते कोरडे पडले आहेत. पाटीवर तलावाचे नाव आणि समोर गवत, हे दृश्य तलाव बुजवून उभ्या राहिलेल्या इमारतींमधून वाढलेल्या ठाणेकराला अनोळखी नाही, कारण मात्र वेगळे आहे. टेकडीवरील सेंटिनरी टॉवर हा दगडी मनोरा १९०४ पासून उभा आहे. त्यावर निशाण फडकत असेल तर तो उघडा आहे असे समजावे आणि मगच चढण चढावी.

आता सिंकहोलविषयी. पावसाचे पाणी हवेतील व मातीतील कर्बवायू घेऊन किंचित आम्ल होते, चुनखडीला हजारो वर्षे पोखरते, जमिनीखाली पोकळी तयार होते आणि एखाद्या दिवशी तिचे छत कोसळते. जो खड्डा उरतो तो सिंकहोल. आपल्याकडे हा शब्द रस्ता खचल्याच्या बातमीत भेटतो, तेथे मात्र त्या खड्ड्यांत बागा आहेत. गावाच्या अगदी मध्यावर, मुख्य रस्त्यापासून काही पावलांवर केव्ह गार्डन आहे. सुरुवातीच्या वसाहतकारांचा पाणवठा हाच होता. वर गुलाबांचे ताटवे आणि खाली अंधारात उतरत जाणारी कपार, असा तो विलक्षण संयोग आहे. अंधार पडल्यावर खडकाच्या भिंतींवर बोआंडिक कथांचा प्रकाश-ध्वनी खेळ दाखवतात.

पण सर्वांत सुंदर आहे ते अम्फरस्टन सिंकहोल. जेम्स अम्फरस्टन या जमीनदाराने १८८६ मध्ये आपल्या जमिनीतील या कोसळलेल्या गुहेची बाग केली. तळाशी तेव्हा पाणीही होते आणि त्यात होडी फिरत असे. त्याच्या मृत्यूनंतर बाग उजाड झाली, तिच्यात कचरा पडू लागला, आणि १९७६ मध्ये शेजारच्या लाकूड गिरणीशी संबंधित सरकारी खात्यातील कर्मचाऱ्यांनी ती साफ करून पुन्हा उभी केली. प्रवेशशुल्क नाही. पायऱ्या उतरत खाली गेले, की वरच्या कड्यावरून पडद्यांसारख्या लोंबणाऱ्या वेली, टप्प्याटप्प्यांवर हायड्रेंजियाचे गुच्छ आणि डोक्यावर गोल कापलेले आकाश दिसते. दिवसा एकदा पाहावे, पण खरी भेट संध्याकाळची. डिसेंबरमध्ये सूर्य साडेआठच्या सुमारास मावळतो. त्यानंतर दिवे लागतात आणि कपारींमधून पॉसम बाहेर पडतात. मांजराएवढे, जाड शेपटीचे हे निशाचर प्राणी माणसांना फारसे बिचकत नाहीत. त्यांना पाव, चिवडा किंवा बिस्किटे घालू नयेत. आम्ही तेथे पाऊण तास अक्षरशः न बोलता बसलो होतो, आणि आमच्या कुटुंबात ही घटना दुर्मीळ आहे. खाली गारवा असतो, म्हणून भर उन्हाळ्यातही स्वेटर जवळ ठेवावा. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी वरच्या कठड्यावरून पाहण्यातही समाधान मानावे, कारण वरूनही पुष्कळ दिसते.

गावाच्या रस्त्यांखालीच एंगलब्रेख्ट नावाची गुहा असून तिच्यात मार्गदर्शकासह उतरता येते. तिच्या तळाशी पाण्याने भरलेले बोगदे आहेत आणि प्रशिक्षित पाणबुडे त्यांत शिरतात. या भागातील पाणी इतके पारदर्शक आहे, की खोलीचा अंदाज चुकतो. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला येथील जलगुहांमध्ये अनेक पाणबुड्यांचे प्राण गेले, १९७३ मध्ये ‘द शाफ्ट’ या विवरात एकाच वेळी चौघे गेले, आणि त्यानंतर गुहांत उतरण्यासाठी प्रशिक्षण व परवाना सक्तीचा झाला. हे सांगण्याचे कारण असे, की सोबतची तरुण मुले ‘पोहता येते’ एवढ्या भांडवलावर कोठेही उडी मारण्यास तयार असतात. पाण्यावर तरंगत, नळी लावून खाली पाहण्यासाठी इवेन्स पाँड्स आणि पिकानिनी पाँड्स ही दोन ठिकाणे योग्य आहेत. दोन्ही समुद्राजवळ आहेत, दोन्हींसाठी आगाऊ परवाना काढावा लागतो आणि काही काळ ती बंदही ठेवतात. पाणी बाराही महिने सुमारे पंधरा अंश असते, त्यामुळे जाड रबरी पोशाख भाड्याने घेतल्याशिवाय उतरू नये. किल्सबी सिंकहोल हे मेंढ्यांच्या खासगी शेतात आहे आणि तेथे केवळ आरक्षण करूनच जाता येते. ज्यांना फक्त एक डुबकी मारायची आहे, त्यांनी माउंट शँकजवळच्या लिटल ब्लू लेकवर जावे. उन्हाळ्यात गावातील मुले तेथे उड्या मारत असतात. मी गुडघ्यापर्यंत उतरलो आणि परत आलो.

माउंट शँक हा स्वतंत्र, सुबक ज्वालामुखी त्याच रस्त्यावर आहे. पायऱ्यांनी अर्ध्या तासात त्याच्या मुखाच्या कडेवर पोहोचता येते. विवराचा तळ भूजलाच्या वर राहिल्यामुळे ते कोरडे आहे. तलाव पाहून झाल्यावर येथे यावे, म्हणजे पाण्याने काय फरक केला ते डोळ्यांनी कळते.

तसेच पुढे दक्षिणेला गेले, की पोर्ट मॅकडॉनेल हे मासेमारी बंदर लागते, आणि येथून खाण्याचा विषय सुरू होतो. या बंदराची कीर्ती लॉब्स्टरसाठी आहे. तो पाश्चात्त्य चित्रांत दिसणाऱ्या मोठ्या नांग्यांचा प्राणी नसून, लांब काटेरी मिशांचा आणि नांग्या नसलेला, म्हणजे आपल्या शेवंडाचाच भाऊबंद आहे. हंगाम ऑक्टोबर ते मे असा असतो. जिवंत माल बहुतांशी चीनला जातो. २०२० च्या अखेरीस चीनने ही आयात थांबवली होती, ती २०२४ च्या अखेरीस पुन्हा सुरू झाली, आणि म्हणूनच बंदरावर उभे राहूनही शेवंड स्वस्त मिळेल अशी आशा बाळगू नये. चौघांत एक घ्यावा. तेथे तो उकडून, थंड करून, लिंबू आणि लोण्याबरोबर देतात. पहिल्या घासाला मीठ-मसाल्याची उणीव जाणवते आणि तिसऱ्या घासाला जाणवत नाही. खिशाला परवडणारा पर्याय म्हणजे किंग जॉर्ज व्हायटिंग हा मासा. तो आपल्या मुडदुशीच्या कुळातला आहे, तसाच नाजूक आणि पांढरा. तळलेला घेतला तर सोबत बटाट्याच्या जाड कापा येतात.

बेकरी ही ऑस्ट्रेलियन लहान गावांची खरी खाणावळ आहे. ‘पाय’ (pie), म्हणजे मैद्याच्या पारीत मांसाचा खिमा भरून भाजलेला पदार्थ, दुपारी बारापूर्वी घ्यावा, कारण नंतर उरतात ते शिळे झालेले. शाकाहारी माणसाने पेस्टी, म्हणजे करंजीसारखा सारण भरून भाजलेला पदार्थ, मागावी, पण ‘भाज्यांची’ हे स्पष्ट सांगून, कारण साध्या पेस्टीत बहुधा मांस असते. बहुतेक ‘पाय’मध्ये गोमांस असते, त्यामुळे ज्यांना ते चालत नाही त्यांनी संकोच न करता प्रत्येक ठिकाणी विचारावे. शनिवारी सकाळी गावात शेतकरी बाजार भरतो. या भागातील बटाटे, मध, चीज आणि ताजा पाव तेथे मिळतात. मामलेदारच्या मिसळीवर पोसलेल्या जिभेला हे सगळे सौम्य वाटेल, हे मान्य करून खावे. आपली लसणाची चटणी डबीत न्यायला हरकत नाही, मात्र विमानतळावरील प्रवेशपत्रकात सर्व खाद्यपदार्थांची नोंद करावी आणि पेढे-बर्फीसारखे दुधाचे पदार्थ मुंबईहून नेऊच नयेत. उपाहारगृहांची स्वयंपाकघरे रात्री आठ-साडेआठला बंद होतात. दहा वाजता जेवणाऱ्या घरांनी स्वयंपाकाची सोय असलेली केबिन घ्यावी आणि आल्या दिवशीच तांदूळ, मूगडाळ आणि बटाटे आणून ठेवावेत. पॉसम पाहून परतल्यावर खिचडीशिवाय काहीही मिळणार नाही.

तिसरा दिवस असल्यास उत्तरेकडे सुमारे शंभर किलोमीटरवरील नाराकूर्टच्या गुहा पाहाव्यात. १९९४ मध्ये त्या जागतिक वारसा यादीत आल्या. या गुहा सापळ्यासारख्या होत्या. वरच्या छिद्रांतून पडलेले प्राणी लाखो वर्षे आत साठत गेले आणि नामशेष झालेल्या पिशवीधारी सिंहाचे सांगाडे तेथे मिळाले. वाटेत पेनोला हे गाव आहे. ऑस्ट्रेलियाच्या पहिल्या संत मेरी मॅककिलप यांनी १८६६ मध्ये तेथे शाळा सुरू केली होती. जवळची कूनावारा ही द्राक्षमळ्यांची तांबड्या मातीची पट्टी नाशिकची आठवण करून देईल. पश्चिमेच्या टँटनूला गुहेत चाकांच्या खुर्चीनेही जाता येते, त्यामुळे वयस्कर माणसांसाठी ती सोयीची आहे. त्याच गावी १८९५ मध्ये, मेंढ्या मारणारा ‘वाघ’ म्हणून ज्याची दहशत होती तो प्राणी गोळी घालून मारला, तेव्हा तो लांडगा निघाला. पेंढा भरलेला तो लांडगा तेथील मद्यालयात काचेमागे ठेवला आहे.

व्हिक्टोरियातून येताना ताजी फळे आणि भाज्या गाडीत ठेवू नयेत. फळमाशीच्या बंदोबस्तासाठी दक्षिण ऑस्ट्रेलियात त्या आणण्यास मनाई आहे आणि दंड जबर आहे. सीमेजवळ टाकण्यासाठी पेट्या असतात, आणि तेथे उभे राहून उरलेली केळी घाईने खाणारी कुटुंबे हमखास दिसतात. आपल्याप्रमाणेच वाहने डावीकडून चालतात, पण तिन्हीसांजेनंतर कांगारू रस्त्यावर येतात, म्हणून लांबचा प्रवास उजेडातच संपवावा.

घड्याळाचेही ध्यानात ठेवावे. माउंट गॅम्बियर व्हिक्टोरियापेक्षा अर्धा तास मागे आहे, त्यामुळे ठाण्याशी त्याचा फरक नेमक्या तासांचा येतो. नाताळात तो पाच तासांचा आणि त्यांच्या हिवाळ्यात चार तासांचा असतो, म्हणून घरी फोन करताना हिशेब सोपा पडतो. मेलबर्नकडे परतताना मात्र सीमा ओलांडताच अर्धा तास हातून निसटतो. विमान त्याच दिवशीचे असेल, तर तो अर्धा तास आधीच धरून निघावे.